वाघजाईच्या चौथऱ्यावरचा खडा

"एकट्याच आलायसा?"

तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं आणि माझं डोकं फिरलं. सकाळपासूनची ही चौथी वेळ होती. मिरजेत रिक्षावाल्याने विचारलं, कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरने "एकच का?" म्हणत तिकीट फाडलं, आणि फाट्यावरच्या चहावाल्याने तर माझ्यामागे कोणी येतंय का हे वाकून पाहिलं.

"एकटीच आहे. एकटीला बघायला बंदी आहे का?"

"छ्या! बंदी कशाला? मागनं कोण येणार असंल तर फाटक उगडं ठेवाय बरं, म्हणून इच्यारलं."

"मागून कोणी येणार नाही."

त्याने तिकीट फाडून दिलं आणि तिकीट देणारा माणूस खिडकी बंद करून, बाजूच्या दाराने बाहेर येऊन, माझा गाइड झाला. साठीच्या आसपासचे, उन्हाने रापलेले, डोक्याला पांढरं मुंडासं आणि अंगात सरकारी खाकी कोट. कोटाचं वरचं बटण तुटलेलं होतं. "मी येसबा," ते म्हणाले. "येसबा नाईक. हितलं समदं मीच बघतो."

ही त्र्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या भागात एक चिमुकलं संस्थान होतं, पन्नास मैलांपलीकडे त्याचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. त्या संस्थानिकांचा आंबेघोळच्या जंगलातला शिकारखाना म्हणजे हा दगडी बंगला. संस्थान गेलं, शिकार बंद झाली, मग कुणीतरी आत काचेची कपाटं ठेवून त्याचं संग्रहालय केलं. माझे आजोबा संस्थानात कारकून होते आणि सात वर्षांच्या माझ्या आईला त्यांनी इथला पेंढा भरलेला वाघ दाखवला होता. तो वाघ आईने जन्मभर डोक्यात वागवला. "एकदा मला तो वाघ दाखवून आण गं," ती म्हणायची. मी म्हणायची, "रजा मिळाली की जाऊ."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चौतीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. निम्म्या मिरजेला माझा आवाज ओळखीचा होता, तोंड कुणाच्या ओळखीचं नव्हतं. लग्न झालं नाही, आई अंथरुणाला खिळली, ती सोळा वर्षं. घरातून निघताना मी "येते गं" म्हणायची आणि आतून आई विचारायची, "कधी येशील?" रोज. दूध आणायला गेले तरी. या प्रश्नाने मी इतकी वैतागायचे की एकदा म्हटलं, "आता परतच येत नाही." ती रडली होती.

मी निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत आई गेली. भाऊ पुण्याहून आला, तेरावं करून गेला. त्यानंतर कुलूप लावताना सवयीने तोंडातून "येते गं" निघायचं आणि मी बंद दारासमोर बावळटासारखी उभी राहायची. मी कुठे जाते, कधी येते, येते की नाही, याच्याशी पृथ्वीवर कुणालाही देणंघेणं नव्हतं. माझं त्या वेळचं दुखणं एवढंच होतं, पण दिवसभर ठणकायचं. आईचा वाघ बघायला मी आले ती त्या दुखण्यासकट.

बंगल्याच्या पायऱ्यांपाशी एक गुडघाभर उंचीचा दगडी चौथरा होता. वर शेंदूर फासलेली वाघजाई. येसबा तिथे थांबले.

"एक खडा घ्या, बाई. कुटलाबी. नि हितं ठेवा."

"कशाला?"

"आत जाताना ठेवायचा, भाईर येताना आपला आपन उचलून टाकायचा. हितली रीत हाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. देवदेव करण्यात माझा पहिल्यापासून आनंदच. पण ते हलेनात. शेवटी मी वाटेवरचा एक पांढरा, गारेचा खडा उचलला आणि वाघजाईच्या पुढ्यात ठेवला. चौथऱ्यावर तेवढा एकच खडा होता, कारण त्या दिवशी आलेली मी एकटीच होते.

आत गव्यांची मुंडकी होती, बंदुका होत्या, हत्तीच्या पायाची केलेली एक तिवई होती. वाघ मात्र केविलवाणा निघाला. शिवण उसवून पोटातून पेंढा डोकावत होता आणि एका डोळ्याच्या जागी पोरांच्या खेळातली हिरवी गोटी बसवली होती.

"गोटी कुणी बसवली?"

"मीच. काचंचा डोळा पडला. आंधळा वाघ बरा दिसंना."

सत्तर वर्षं माझ्या आईच्या स्वप्नात येणारा वाघ तो हाच. मला हसू आलं, आणि आईला हे सांगता येणार नाही हे लक्षात आल्यावर मी चष्मा काढून पदराने पुसला. येसबांनी पाहिलं की नाही कोण जाणे. ते पुढच्या फोटोपाशी गेले.

फोटो अडतीस सालचा होता. मधोमध संस्थानचे सरकार, बूट वाघाच्या मानेवर. मागे पाहुणे. आणि दोन्ही बाजूंना रांगेत हाकारे, म्हणजे ढोल-डबे वाजवत जनावर मचाणाकडे हाकलणारी आसपासच्या वाड्यांवरची माणसं.

"ह्यो आमचा बा. म्हादबा. हाकाऱ्यांचा नाईक." येसबांनी काचेवर बोट ठेवलं. "बगा, समदी फोटोवाल्याकडं बघत्यात. बा तेवढा दुसरीकडं बघतोय."

खरंच, कडेचा एक माणूस मान वळवून फोटोच्या बाहेर कुठेतरी बघत होता.

"काय बघतायत?"

"चौथरा. रानात शिरताना हरेक हाकाऱ्यानं खडा ठेवायचा, आला की उचलायचा. खडा ऱ्हायला म्हंजे माणूस ऱ्हायला. त्या दिशी एक ऱ्हायला. पर सरकारास्नी वाघ घावलेला. फोटोवाला कोल्हापूरचा, हलू नगा म्हणतोय. बा बोलला न्हाई. सरकारांच्या फोटूत कसं बोलायचं? फोटू झालं, जेवणं झाली, तवर दिवस मावळला. मग कोनतरी बोललं, गेला आसंल परभारं घरला."

"आणि?"

"भैरू नाव हुतं. डुकरानं मांडी फाडलेली. सकाळी घळीत घावला तवा अंग कोमट हुतं." येसबांनी कोटाच्या बाहीने काच पुसली. "म्हंजे रातभर जित्ता हुता. हाका मारल्या असतील त्यानं. बा पुढं तीस वर्सं जगला, पर जेवताना मधीच थांबायचा, ऐकत बसायचा."

पण मनात म्हटलं, गाइड लोकांकडे अशी एकेक गोष्ट तयार असतेच. त्या माणसाला फोटो काढताना माशी चावली असेल.

"मचाण बघायचं असंल तर ही पायवाट. पाचाला फाटक बंद हुतंय. घळीकडं जाऊ नगासा."

मचाण पाऊण मैलावर होतं. नवं बांधलेलं, लोखंडी जिन्याचं. मी वर चढून बसले. डब्यातली दशमी खाल्ली. खाली जंगल गप्प होतं. मधूनच एखादं पान पडायचं. दोन तास मी तिथे बसले आणि त्या दोन तासांत मला रडू आलं नाही, नुसतं सगळं रिकामं वाटलं. मी इथेच बसून राहिले तर काय होईल याचा मी अगदी हिशेबी विचार केला. दूधवाला चार दिवस पिशव्या ठेवेल, मग थांबेल. भावाचा फोन दिवाळीला येईल. दिवाळीला अजून दहा महिने होते.

मचाणाच्या पलीकडे कुंपणाला खिंडार होतं आणि तिथून गुरांची वाट थेट खालच्या रस्त्याला उतरत होती. साडेचारच्या सुमाराला रस्त्यावर एक वडाप जीप, म्हणजे शीटं भरून नेणारी खासगी गाडी, थांबलेली दिसली. बंगल्यावरून फिरून जायचं म्हणजे जीप चुकणार, आणि पुढे पाचची एसटी होतीच की. पण मी खिंडाराकडे वळले. वळताना खडा मला आठवला. विसरले नव्हते, हे आज साफ सांगते. खडा आठवला आणि मी मनात म्हटलं, राहू दे तिथेच. कोण मोजतंय?

जीपमध्ये ड्रायव्हरने विचारलं, "एकच शीट?"

"एकच," मी म्हटलं.

ही झाली मंगळवारची गोष्ट. बुधवार मी घरी झोपून काढला.

गुरुवारी सकाळी चहाबरोबर पेपर उघडला. आतल्या पानावर, एका पतसंस्थेच्या जाहिरातीखाली, बोटभर बातमी होती. "आंबेघोळच्या जंगलात महिला पर्यटक बेपत्ता." मी आधी जिभेने च्-च् केलं. मग पुढे वाचलं. मंगळवारी शिकारखाना बघायला आलेली सुमारे पन्नास वर्षांची महिला परतलेली नाही. नाव समजलेलं नाही. अंगात करड्या रंगाची साडी, हातात निळी पिशवी, सोनेरी काडीचा चष्मा, हनुवटीखाली उजवीकडे तीळ. एसटीच्या वाहकाने अशी महिला गाडीत बसली नसल्याचं सांगितलं. रखवालदार व वनखात्याचे कर्मचारी जंगलात शोध घेत आहेत. माहिती असल्यास चौकीशी संपर्क साधावा. पुढे दूरध्वनी क्रमांक.

माझा हात आपोआप हनुवटीखाली गेला.

तो तीळ आईखेरीज कुणी पाहिला होता असं मला वाटत नाही. मी अठ्ठावन्नची होते आणि येसबांनी मला पन्नासची सांगितलं होतं. हेही माझ्या लक्षात आलं, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. शरम वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी नुसता आनंद झाला, पोटातून वर येणारा, थंडीच्या दिवसात गरम पाणी अंगावर घेतल्यासारखा. मला कोणीतरी शोधत होतं.

आमच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. चौतीस वर्षं मी लोकांना म्हणत आले होते, "बोला, लाइन चालू आहे." एक फोन आणि प्रकरण मिटलं असतं. मी साडी बदलली, चप्पल घातली, बूथपर्यंत गेले. आत एक मुलगा बोलत होता. मी पाच मिनिटं उभी राहिले. तो बाहेर आला, माझ्यासाठी दार धरून उभा राहिला, आणि मी त्याला म्हटलं, "नाही, मला नाही करायचा."

फोन केला की शोध थांबणार होता.

म्हटलं, उद्या. उद्या स्वतः जाऊ, भेटून सांगू, तेच बरं दिसेल. स्वतःला फसवायला माणसाला फार अक्कल लागत नाही. तो अख्खा दिवस मी हरवलेली बाई म्हणून काढला. मंडईत गेले, मेथी घेतली, आणि भाजीवालीशी बोलताना मनात चाललं होतं, आत्ता या घटकेला ते हाका मारत असतील. ती बातमी मी सात-आठ वेळा वाचली. रात्री उशाशी ठेवली.

शुक्रवारी गेले. निळी पिशवी मुद्दाम घेतली नाही, लाज वाटली.

तिकिटाची खिडकी बंद होती. फाटक सताड उघडं. चौथऱ्यावर माझा पांढरा खडा होता तिथेच होता, पण त्याच्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं आणि शेजारी विझलेली पणती होती. मी बघतच राहिले.

"कोण हाय?"

बंगल्याच्या मागच्या खोल्यांकडून एक बाई आल्या. उंच, सडसडीत, पदर खोचलेला, हाताला पीठ. त्या चार पावलांवर थांबल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हनुवटीकडे. पुढे येऊन पिठाच्या हाताने माझा दंड दाबून बघितला, जणू आंबा पिकलाय का बघतात तसा.

"हितंच थांबा," त्या म्हणाल्या. आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. तो माझ्यावरून तीनदा ओवाळून त्यांनी लांब फेकून दिला. कावळ्याने तो लगेच उचलला.

मी लहानपणी तापातून उठले तेव्हा आईने असा तुकडा ओवाळला होता. त्यानंतर कुणी नाही. मला तिथेच, चौथऱ्यापाशी, रडू फुटलं. त्या बाईंनी मला रडू दिलं. "चला," एवढंच म्हणाल्या. त्या येसबांच्या बायको, आक्काताई.

येसबा खाटेवर पडले होते. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत नवं कोरं प्लास्टर. मला बघून उठायला गेले आणि कळ येऊन परत टेकले.

"कुटं हुतासा, बाई?"

त्यात राग नव्हता. मी दूध घेऊन उशिरा आले की आई ज्या आवाजात विचारायची, तोच आवाज.

"मी... जीपने गेले. खालच्या रस्त्याने. खडा उचलायचा राहिला."

"इसरला?"

"हो," मी म्हटलं.

"इसरतंय माणूस," ते म्हणाले आणि छतावरच्या कौलांकडे बघत हसले. "आक्का, इसरल्या हुत्या बग. मी म्हणत हुतो न्हवं का, घळीत न्हाईत म्हणून!"

"कवा म्हणत हुतासा?" आक्काताई चुलीपाशी बसल्या. "घळीत हाईत म्हणूनच उतरलासा की."

"पायाला काय झालं?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"नडगी मोडली. घळीत निळं कायतरी दिसलं. म्हटलं, बाईंची पिशवी. वनखात्याची पोरं म्हणत हुती, आता उद्या बगू. म्हटलं, उद्या कशाला? उतरलो, नि पाय सटाकला." ते पुन्हा हसले. "पिशवी न्हवती. खताचं पोतं हुतं, निळं."

मी खाली बघत राहिले. जमिनीवर शेणाचं सारवण होतं. बोटांचे अर्धगोल उठलेले होते, ते मी मोजत राहिले.

"घरची काळजीत असतील की वो," येसबा म्हणाले. "मला तीच चिंता. म्हटलं, कोण ना कोण वाट बगत आसंल, त्येनला कुटं कळवायचं? नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई."

"घरी कोणी नाही. आई होती. ती गेली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "मग पेपर कुणी वाचला?"

"मीच."

"वाचल्या वाचल्या धावत आलासा."

चुलीपुढे भाकरी थापण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"हो," मी म्हटलं.

"आता मला बरं वाटलं," येसबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने ते झोपले असावेत. आक्काताईंनी मला भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. मी जेवले. एक घास उतरत नव्हता पण ताटात टाकायची हिंमत झाली नाही. त्या समोर बसून मी जेवते का ते बघत होत्या.

जेवण झाल्यावर त्या मला चौथऱ्यापाशी घेऊन आल्या.

"पेपर काल सकाळी आलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या भाच्यानं दिलती बातमी. काल आठाला आणून दावला त्यानं."

मी मान हलवली.

"ह्ये काल दुपारी घळीत पडलं. दोन वाजता."

दुपारी दोन वाजता मी मेथी निवडत बसले होते. मला तो वेळ अजून तसाच आठवतो. रेडिओ चालू होता.

"आक्काताई, मी तुम्हाला सांगते, काल मी फोन करायला गेले होते, पण..."

"सांगू नगासा." त्यांनी हात वर केला. "मला सांगू नगासा नि त्यास्नी तर न्हाईच. सासऱ्यांची गोष्ट ऐकलासा न्हवं? त्या घरात मी सून म्हणून आलो तवापास्नं ऐकतोय मी. म्हातारं जेवता जेवता ऐकत बसायचं. मग ह्ये बसायला लागलं. खडा ऱ्हायला म्हंजे माणूस ऱ्हायला." त्या खड्याकडे बघत होत्या. "ह्या बारीला माणूस जित्तं घावलं. घावलं नि धावत आलं. त्यांचा पाय गेला पर एवढं तरी त्यास्नी मिळालं. ते तुमी काढून घेऊ नगासा. तुमच्या जिवाला हलकं वाटावं म्हणून तर न्हाईच."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी खाली वाकून खडा उचलला. हळदकुंकू बोटांना लागलं. रीत अशी की तो टाकून द्यायचा. मी तो मुठीत धरून उभी राहिले.

"टाकू का?"

"तुमचा हाय. टाका न्हाईतर ठेवा."

मी तो पर्समध्ये ठेवला. फाटकापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. मी निघाले तसं त्यांनी मागून विचारलं,

"परत कवा येणार?"

सोळा वर्षं ज्या प्रश्नाने माझं टाळकं फिरायचं, तो प्रश्न. मी वळले. आक्काताई कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. हे प्रेमाचं विचारणं नव्हतं. मला शिक्षा सांगितली जात होती, आणि ती मी भोगायची होती.

"रविवारी," मी म्हटलं.

"रविवारी म्हंजे रविवारी. त्यास्नी सांगतोय मी. वाट बगत बसत्यात ह्ये."

"येते," मी म्हटलं.

त्या रविवारी कोल्हापूरची गाडी वाटेत बंद पडली. मी अकराला पोचायची ती दीडला पोचले. वडापची जीप शेवटच्या वळणावर आली आणि लांबूनच मला फाटकात काहीतरी दिसलं. येसबांनी खुर्ची बाहेर आणवून घेतली होती. प्लास्टरचा पाय त्यांनी संग्रहालयातल्या त्या हत्तीच्या पायाच्या तिवईवर ठेवला होता, सरकारांच्या तिवईवर, आणि रस्त्याकडे तोंड करून ते भर उन्हात बसले होते. शेजारी आक्काताई उभ्या होत्या.

"आल्या," जीप थांबायच्या आत येसबांचा आवाज आला. "आक्का, आल्या बग. भाकरी टाक."

पुढे अकरा वर्षं मी जात राहिले, येसबा असेपर्यंत. महिन्यातून एक रविवार. पाय नीट सांधला नाही, ते जन्माचे लंगडले. पायवाटेवरून माझ्यापुढे लंगडत चालायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ह्या बाई हरवल्या हुत्या. पेपरात वाचलं नि धावत आल्या." मी दर वेळी मान डोलावायची. आक्काताई दर वेळी दुसरीकडे बघायच्या. त्या फोटोतल्या म्हादबासारख्या.

ते गेल्यावर तेराव्याला आक्काताईंनी मला विचारलं, ते नसले तरी येणार का? मी पर्समधून तो पांढरा खडा काढला आणि चौथऱ्यावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. आक्काताई आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना दिसत नाही. रोज संध्याकाळी चौथऱ्यावर हात फिरवून तो आहे ना ते बघतात, असं त्यांचा भाचा सांगतो.

उद्या रविवार आहे. पाचचा गजर लावला आहे.